ई-क्लासची जमीन आणि ‘अतिक्रमण’

धामणगाव बढेसारख्या वऱ्हाडी गावांत गायरानाला ‘ई-क्लास’ म्हणतात. या जमिनीत पोटापुरती ज्वारी पेरणाऱ्या भूमिहीनाला आज देशभर चाललेल्या चर्चेत ‘अतिक्रमणदार’ हे एकच नाव उरले आहे. या शब्दामागचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीसाठीच्या निवेदनात केली होती. ती मानली गेली नाही. प्रश्न रस्त्यावर आला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १० डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी तुरुंग भरले. पडीक सरकारी जमीन आम्हांला कसायला द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. मिळाले काय? २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय : भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावीत.

पण पुरावा कोणता? तर तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मधली नोंद, दंडाची पावती. म्हणजे ज्या कागदाने माणसाला गुन्हेगार ठरविले, तोच त्याच्या हक्काचा कागद! आणि ज्याची नोंद तलाठ्याने घेतलीच नाही, त्याची सारी मशागत दप्तराच्या लेखी शून्य.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाचा हवाला सारेच देतात. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, हे त्यात आहेच. पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या आधी १-ई च्या नकला काढाव्यात.