विश्लेषण : टिकेलचा निळा माशीमार ‘साफसफाई’नंतर नाहीसा का होतो?

मराठवाडा म्हटले की उघडे माळ, बेभरवशाचा पाऊस आणि कडक ऊन डोळ्यांसमोर येते. याच कोरड्या मुलखात सावलीशिवाय न राहणारा एक छोटा पक्षी बाराही महिने मुक्काम ठोकून असतो. टिकेलचा निळा माशीमार हे त्याचे नाव. तो दुर्मीळ नाही आणि हिवाळी पाहुणाही नाही. तरीही ज्या ओढ्याकाठी किंवा बागेत तो वर्षानुवर्षे राहतो, तिथली झुडपे आणि पोकळ झाडे काढली की तो तिथून नाहीसा होऊ शकतो. असे का होते, हे त्याच्या राहणीवरून समजते.

हा पक्षी कसा ओळखायचा?

आकार साधारण चिमणीएवढा, पण अंग सडसडीत. नराचे डोके, पाठ, पंख व शेपटी गडद निळी, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरे. मादीचे रंग याच धाटणीचे, पण फिके. फांदीवर तो ताठ बसतो.

हिवाळ्यात येणारा लाल छातीचा माशीमार पाठीने तपकिरी असतो आणि शेपटी सारखी वर उडवतो. निळ्या गळ्याच्या माशीमाराचा नर टिकेलसारखाच दिसतो, पण त्याचा गळा निळा असतो. टिकेलच्या नराचा नारिंगी रंग गळ्यापासूनच सुरू होतो. दाट सावलीत निळा रंग काळपट भासतो. म्हणून पक्षी दिसण्याआधी बहुधा त्याची किणकिणती, मोजक्या सुरांची छोटी शीळ ऐकू येते.

नावातला ‘टिकेल’ कोण?

सॅम्युअल टिकेल हे ब्रिटिश लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात भारत आणि ब्रह्मदेशात होते. पक्ष्यांचा अभ्यास आणि त्यांची चित्रे काढणे हा त्यांचा छंद. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणारे एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला टिकेल यांचे नाव दिले. आपल्या अंगणातले दयाळ आणि चीरक हे पक्षीही याच माशीमार कुळातले. उलट लांब शेपटीचा, दिमाखदार स्वर्गीय नर्तक इंग्रजी नावाने माशीमार असला, तरी त्याचे कूळ वेगळे आहे.

त्याला सावलीच का लागते?

उत्तर त्याच्या शिकारीत आहे. हा पक्षी जमिनीपासून थोड्याच उंचीवरच्या फांदीवर दबा धरून बसतो. कीटक उडाला की झेप घेऊन हवेतच टिपतो आणि पुन्हा फांदी गाठतो. कधी जमिनीवर उतरून सरपटणारा किडाही उचलतो. चोचीच्या मुळाशी राठ केस असतात. झडप घालताना कीटकाच्या पंखांपासून आणि पायांपासून डोळे जपायला त्यांचा उपयोग होत असावा, असे मानले जाते. सूर्य मावळल्यानंतर अंधुक उजेडातही तो शिकार करताना आढळला आहे.

अशा शिकारीला तीन गोष्टी लागतात : बसायला खालच्या फांद्या, कीटकांसाठी ओलसर पालापाचोळा आणि वर दाट छत्र. उघड्या माळावर या तिन्ही एकत्र मिळत नाहीत. ओढ्याच्या घळीत, बांबूच्या बेटात, जुन्या आमराईत मिळतात. मराठवाड्यासारख्या प्रदेशात अशा जागा बेटांसारख्या विखुरलेल्या असतात. एक बेट मोडले की पुढचे लांब असते.

जिल्ह्यात अशा जागा कुठे आहेत?

सर्वात मोठी जागा गौताळा औट्रमघाट अभयारण्याची. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर असून कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत पसरले आहे. जंगल शुष्क पानझडीचे. उन्हाळ्यात डोंगरउतार भाजून निघतात, पण घळींमध्ये सावली आणि ओल टिकून राहते. शहरात जुन्या झाडांच्या दाट सावलीची जागा म्हणजे हिमायतबाग. सलीम अली सरोवरावरचे पाणपक्षी लांबूनही दिसतात. झुडपातला हा पक्षी मात्र लक्षात येत नाही, त्यामुळे तो गेल्याचेही कळत नाही.

जगात धोका नाही, मग चिंता कशाची?

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात ‘कमी चिंतेची’ आहे. पण ही नोंद संपूर्ण जातीची असते, आपल्या नाल्याची नसते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. त्याचा विणीचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट. घरटे झाडाच्या ढोलीत, दरडीतल्या बिळात किंवा खडकाच्या फटीत असते. बारीक गवत आणि तंतूंचे अस्तर घालून मादी तीन ते पाच अंडी घालते. ढोली तो स्वतः कोरत नाही, आयती शोधतो. म्हणजे जुने, पोकळ झाड आणि मातीचा काठ हवाच. नेमक्या याच दिवसांत मान्सूनपूर्व नालेसफाई, फांद्यांची छाटणी आणि ‘धोकादायक’ झाडांची तोड सुरू होते. नाल्याचे काठ सिमेंटने बांधले की बीळ करायला दरडच उरत नाही. बागेत नवी रोपे लावल्याने ही भरपाई होत नाही, कारण ढोली तयार व्हायला अनेक वर्षे जातात.

उपाय काय?

खर्च फारसा नाही. पुराला अडथळा ठरणारा गाळ काढावाच लागेल. पण काठावरची झुडपे सरसकट उपटण्याची गरज नसते. छाटणी शक्य तिथे विणीपूर्वी, हिवाळ्यात उरकता येते. रस्त्यापासून दूर असलेले पोकळ झाड उभे ठेवता येते. बागेच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा न जाळता पडू देता येतो. घरटे सापडले तर फोटोसाठी जवळ जाऊ नये. संरक्षित वन्यपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मोडते.

हा पक्षी ज्या घळीत वर्षभर टिकतो, तिथे सावली, ओल, कीटक आणि जुनी झाडे अजून शाबूत आहेत, असे समजावे. उन्हाने पोळणाऱ्या या जिल्ह्यात या गोष्टींची गरज माणसांनाही तेवढीच आहे.