खारपाणपट्टा आणि हिमयुगातला समुद्र

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता. तेवढे पाणी मुख्यतः उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवरच्या बर्फात अडकले होते. मुंबईसमोरचा सुमारे ३०० किलोमीटर रुंदीचा उथळ सागरतळ बहुतांशी उघडा पडला होता. खंभातचे आखात कोरडे होते आणि तापी त्यावरून पुढे वाहत जात होती.

बर्फ वितळू लागल्यावर पाणी सारख्या वेगाने चढले नाही. बार्बाडोस बेटाजवळ खोदून काढलेल्या प्रवाळांवरून रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये हा चढ मांडला. त्या प्रवाळांतली एक जात समुद्राच्या पृष्ठभागापासून जेमतेम पाच मीटरांत वाढते. त्यामुळे तिचा सांगाडा किती खोल आणि किती जुना, यावरून त्या काळची पातळी काढता येते. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी काही शतकांतच समुद्र पंधरा-वीस मीटर चढला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा आलेख एन. एच. हाशिमी, राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिला. त्यात पातळी उणे ८० मीटरच्या आसपास बराच काळ थबकलेली दिसते. नंतर १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वी ती झपाट्याने चढून आजच्या जवळ आली.

वऱ्हाडात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या ‘खारपाणपट्ट्या’तल्या विहिरींना खारे पाणी लागते, आणि ‘इथे पूर्वी समुद्र होता’ असे त्याचे कारण गावोगाव सांगितले जाते. हिमयुगानंतरचा समुद्र मात्र इथवर येणे शक्यच नव्हते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे. पृथ्वीवरचा उरलासुरला सगळा बर्फ वितळला तरी पाणी साधारण ६५ ते ७० मीटरच चढेल.

तरी या खारेपणाचा हिमयुगाशी संबंध असू शकतो, आणि तो पावसाच्या वाटेने. थंडावलेल्या समुद्रावरून वाफ कमी उठली, मोसमी पाऊस क्षीण झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर साचलेले होते. बेसाल्ट झिजून सुटलेले क्षार धुऊन न्यायला पुरेसे पाणी नव्हते. बाष्पीभवनाने ते तिथेच घट्ट होत गेले. जमीन सपाट, माती चिकण. सोडियम वाढला की ती ओली होताच फुगते, पाणी खाली झिरपत नाही आणि शेत चोपण होते. समुद्र पुन्हा चढला, पाऊस परतला, पण या मातीतून निचरा होणे अवघडच राहिले.

हे क्षार एकेकाळी कामाचेही होते. अकोल्याजवळच्या दहीहंड्याला विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. १९३० चा मिठाचा सत्याग्रहही वऱ्हाडाने दहीहंड्यालाच केला. किनारा शेकडो किलोमीटर दूर असताना इथल्या विहिरींनीच कायदेभंगाला मीठ पुरवले. पिण्यासाठी मात्र गोडे पाणी बाहेरूनच आणावे लागते. अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी पाणीपुरवठा योजना सातपुड्यातल्या वान धरणावर चालते.