सहा आकड्यांचा पत्ता

'मु. पो. वडगाव' एवढेच ज्या पाकिटावर लिहिलेले असेल, त्या पाकिटाची मला मोठी कीव येते. महाराष्ट्रातली सारी वडगावे मोजायला बसावे, तर घरातला फराळ संपेल. वडगावे संपायची नाहीत. त्यातून पत्ता मराठीत, अक्षर घाईचे आणि पत्र टाकलेले दूर बंगालमधल्या पेटीत! १९७२ पूर्वी तिथल्या सॉर्टरने ते कोणत्या खान्यात टाकायचे? आणि ती मनिऑर्डर असली, गावाकडे एखादी म्हातारी पोस्टमनची वाट पाहत बसलेली असली, म्हणजे?

एवढेच कशाला, आपल्या मराठवाड्यात एक औरंगाबाद होते आणि बिहारात दुसरे आजही आहे. नाव अचूक वाचूनही पत्र हजार मैल भलतीकडे जायचे!

हा घोळ सगळ्या जगाचा होता. लंडनने १८५७ सालीच शहराचे टपाल विभाग पाडले. जर्मनीने १९४१ साली देशाला आकडे दिले. अमेरिकेने १९६३ साली पाच आकडी झिप कोड आणला. आपल्याकडेही मोठ्या शहरांना विभागांचे क्रमांक होतेच. मुंबई ४ म्हणजे गिरगाव आणि मुंबई २८ म्हणजे दादर, हे शाळकरी पोरही सांगे. पण खेड्यापाड्यांचे काय?

त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आणणारे गृहस्थ मराठी होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले बडे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी व नाटककार! मुंबईची 'देववाणी मंदिरम्' ही संस्था त्यांचीच. सहा आकड्यांचे तीन-तीनांचे दोन गट पाहिले की मला वृत्तांतले तीन-तीन अक्षरांचे गण आठवतात. अर्थात हा माझ्या मनाचा खेळ; वेलणकरांनी तसे कुठे म्हटल्याचे मी सांगत नाही.

रचना मात्र खरोखरच सुटसुटीत आहे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. असे आठ विभाग. नववा आकडा सैन्याच्या टपालासाठी. पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन बटवडा करणारे पोस्ट दाखवतात. म्हणजे सॉर्टरला मराठी येवो न येवो, ४ दिसला की टपाल महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या बाजूला! बिहारच्या औरंगाबादचा पिन ८ ने सुरू होतो, आपला ४ ने. मिटला तंटा!

जुन्या सवयीही वेलणकरांच्या योजनेने मोडल्या नाहीत. गिरगावचा ४ हा ४००००४ मध्ये आणि दादरचा २८ हा ४०००२८ मध्ये शाबूत राहिला. पुण्याच्या सदाशिव पेठेचा ३० देखील ४११०३० मध्ये सुखरूप आहे. (सदाशिव पेठेने तो सोडला असता, असे मला वाटत नाही!) टपालाचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा मात्र एकच असतो असे नाही. सातारा ४१५००१, रत्नागिरी ४१५६१२. मध्ये सह्याद्री उभा असला तरी पहिले तीन आकडे सारखेच.

पुढे बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले, २००० साली छत्तीसगड वेगळे राज्य झाले, औरंगाबादचे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. शहराचा पिन ४३१००१ तो तसाच राहिला.

२०२५ साली टपाल खात्याने 'डिजिपिन' काढला. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. वाडीवस्तीवरच्या ज्या घराला ना गल्ली ना नंबर, त्याच्या दाराशी रुग्णवाहिकाही त्या खुणेने पोहोचू शकेल. पत्त्याखालचे सहा आकडे मात्र अजून लिहावेच लागतात.