हरकतीची खिडकी आणि दिल्लीचा रहिवासी

मुंबईहून बदलीवर दिल्लीत आलेल्या मराठी अधिकाऱ्याची एक समजूत पहिल्याच वर्षी मोडते. शहराच्या आराखड्याचे गाऱ्हाणे नगरसेवकाच्या दारी न्यायचे, ही ती समजूत. मुंबईचा विकास आराखडा महापालिका करते. 2015 मध्ये हरकतींचा भडिमार झाला आणि मुख्यमंत्र्यांना प्रारूप रद्द करण्याचा आदेश द्यावा लागला. दिल्लीची महायोजना करते विकास प्राधिकरण. त्याचे अध्यक्ष नायब राज्यपाल, अंतिम मंजुरी केंद्राची. नगरसेवक तर दूरच, मुख्यमंत्र्यांचाही शब्द तेथे अखेरचा नाही.

रहिवाशांच्या हाती उरते ते 1957 च्या दिल्ली विकास कायद्याचे दहावे कलम. प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागविणे त्यान्वये बंधनकारक आहे.

शीला दीक्षित सरकारने 2000 साली ‘भागीदारी’ योजनेत रहिवासी कल्याण संघांना सन्मानाने बोलावले. प्रतिष्ठा मिळाली, अधिकार मिळाले नाहीत. कसोटी 2006 मध्ये लागली. न्यायालयाच्या आदेशाने निवासी भागांतील दुकानांना टाळी ठोकली जाऊ लागली. अनेक संघांनी त्याचे स्वागत केले. व्यापारी रस्त्यावर उतरले. मे महिन्यात संसदेने वर्षभरासाठी कारवाई रोखणारा कायदा केला. हे ‘वर्षभर’ काही संपले नाही. डिसेंबर 2023 मध्ये या संरक्षणाला 2026 अखेरपर्यंतची मुदत मिळाली. एकगठ्ठा मतांचा प्रश्न आला की सत्ताधारी व विरोधी बाकांतील अंतर कसे आटते, हे पत्रकार कक्षातून पाहण्यासारखे असते.

संघांचे दुबळेपण त्यांच्या घडणीतच आहे. सभासद बहुधा घरमालक. भाडेकरू आणि घरकामगार फाटकाबाहेर. सरकारी निवासस्थानातील अधिकारी तर पुढील बदलीपर्यंतचाच पाहुणा. सरोजिनीनगर, नौरोजीनगर आदी सात सरकारी वसाहतींत 12,970 घरांच्या जागी 25,667 घरे बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 मध्ये मान्यता दिली. हजारो झाडांचा प्रश्न पेटला तो जून 2018 मध्ये. नागरिक झाडांना कवटाळून उभे राहिले, उच्च न्यायालयाने तोड थांबविली आणि आराखड्यांचा फेरविचार झाला. पण मधली दोन वर्षे हातची गेली होती.

2041 च्या महायोजनेचे प्रारूप जून 2021 मध्ये आले, तेव्हा चित्र थोडे पालटले. ‘मैं भी दिल्ली’ या मोहिमेने फेरीवाले, घरकामगार आणि कचरावेचक यांचे म्हणणे हरकतींच्या रूपात मांडले. पंचेचाळीस दिवसांची मुदत पंचाहत्तरवर गेली आणि सुमारे 33 हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. त्यांची सुनावणी होऊन प्राधिकरणाने फेब्रुवारी 2023 मध्ये प्रारूप मंजूर केले व केंद्राकडे धाडले. त्या टप्प्यावर रहिवाशासाठी खिडकी नसते.