कारवीची सात पावसाळ्यांची कमाई

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या परिसरात उन्हाळ्यात गेलात, तर झाडांखाली करड्या काठ्यांचे दाट रान दिसते. नवख्याला ते पार वाळून गेलेले वाटते. पण जूनमध्ये पावसाने जोर धरला, की याच काठ्यांना मोठी, खरखरीत, हिरवीगार पाने फुटतात. ही कारवी. वर्षभराचे अन्न तिला या मोजक्या हिरव्या महिन्यांतच तयार करावे लागते.

ते तयार होते पानात. मुळांनी शोषलेले पाणी खोडातून पानापर्यंत चढते. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाश टिपते. त्या ऊर्जेने पाण्याचा रेणू फुटतो. त्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो, तर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून साखर बनते. हेच प्रकाशसंश्लेषण.

झाड माती खाऊन वाढते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मातीतून पाण्याबरोबर थोडी खनिजेच येतात. आदिवासी पाड्यांवर घराचा कूड कारवीच्या काठ्यांनी विणतात. त्या वाळक्या काठीचे बहुतेक वजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून आलेले असते.

तयार झालेल्या साखरेचा काही भाग झाडाला जगण्यासाठी लागतो, काही भागातून नवी पाने आणि खोड घडते, उरलेला साठवला जातो. बरीचशी झाडे यातून दरवर्षी फुलांचा खर्च भागवतात. कारवी मात्र साधारण सात पावसाळे नुसती वाढत राहते आणि आठव्या वर्षी सारी कमाई एकदम फुलांवर उधळते. २०१६ च्या पावसाळ्यात या उद्यानात असाच जांभळा बहर आला होता. मधमाश्यांना ती मेजवानीच असते. बी धरल्यावर झाड मरते. सुकलेली बोंडे पुढच्या पावसाळ्यात तडकून बिया उधळतात आणि नवी पिढी रुजते.

म्हणूनच बहर पाहायला गेल्यावर फोटोसाठी एखादी फांदी मोडण्याआधी थांबावे. जास्वंदीला पुन्हा फूल येते, कारवीला येत नाही. त्या फांदीत सात पावसाळ्यांचे ऊन साठलेले असते, आणि बी धरण्याची तिला तेवढी एकच संधी असते.