दारावरची थाप

फोंडा महालातील आमच्या घराला रिकामी खोली ही गोष्टच पूर्वी ठाऊक नव्हती. जत्रेला आलेले, लग्नाला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, कोणी ना कोणी पडवीत पथारी पसरून असेच. पुढे मुले पुण्या-बंगळूरला गेली, राजांगणाभोवतालच्या खोल्या ओस पडल्या, आणि त्यांतल्या दोन आम्ही प्रवाशांस भाड्याने देऊ लागलो. पर्यटक व्यवसायाच्या १९८२ च्या कायद्यान्वये रीतसर नोंदणी केली. चार पैसे गाठीला लागले आणि घरही जागते राहिले. पूर्वी पाहुण्याची थाप दारावर पडे, आता ती फोनवर पडते. मात्र मराठीत ‘थाप’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे, याची आठवण आम्हांला गतवर्षी झाली.

आमच्या वाड्यावरील एक वहिनीही अशीच खोली देतात. त्यांची हकीकत त्यांच्या संमतीनेच येथे सांगत आहोत. दिवाळीनंतर त्यांना एक फोन आला. बोलणारा स्वतःस सैन्यातील अधिकारी म्हणवीत होता. सहकुटुंब पाच दिवस राहावयाचे, भाडे तुम्ही सांगाल ते, घासाघीस नाही. ओळखपत्राचे छायाचित्रही लगोलग आले. मग तो म्हणाला, ‘‘आमच्या खात्याची पद्धत आहे. आधी तुम्ही एक रुपया पाठवा; दुप्पट होऊन परत येईल.’’ दोन रुपये खरोखरच आले! विश्वास बसला. त्यानंतर एक क्यूआर चौकट आली. ती टिपून, भाडे ‘स्वीकारण्यासाठी’ पिन दाबावा, असा आग्रह झाला. वहिनींनी तो दाबला आणि १८,००० रुपये गेले. पावसाळ्यापूर्वी कौले बदलण्यासाठी ते त्यांनी बाजूला ठेवले होते.

सैन्याच्या नावावर हा डाव देशभर अनेक घरमालकांवर खेळला गेला आहे. त्यावरचा उतारा एका वाक्याचा आहे. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. आपल्या फंडपेटीत दुसरा कोणी नाणे टाकीत असेल, तर आपण कुलूप काढण्याचे कारणच काय?

याच डावाचे एक धाकटे भावंड आहे. ‘दोन हजारांऐवजी चुकून वीस हजार पाठविले, वरचे तेवढे परत करा,’ अशी विनवणी येते. सोबत बँकेच्या धाटणीचा संदेशही असतो. संदेश कोणीही लिहू शकतो. खात्यातील शिल्लक आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक पैसाही परत करू नये.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. त्याला ‘फिशिंग’ म्हणतात; गळ टाकून बसणे म्हणजे काय, हे गोवेकरांस सांगावयास नको. मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने निवासव्यवसायातील लोकांस बनावट पत्रे येत होती. दक्षिण आशियाही त्यातून सुटला नव्हता. ‘पाहुण्याने तक्रार केली आहे’, ‘खाते पडताळून घ्या’, असा त्यांतील मजकूर. दुवा उघडला की ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येई आणि काही कळा दाबून एक ओळ संगणकात उतरविण्यास सांगे. तीच विषाची पुडी! संकेतशब्द चोरणारा प्रोग्रॅम मालक आपल्याच हाताने घरात घेई. मालकाचे खाते असे हाती लागले की चोर त्यातूनच खऱ्या पाहुण्यांकडे पैसे मागू शकतो. नाव आपले, घर आपले, आणि फसलेला पाहुणा उभा राहतो तोही आपल्याच दारी.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर अशा एका पत्रातील पत्त्यात तिरप्या रेघेच्या जागी तिच्यासारखेच दिसणारे जपानी अक्षर घातल्याचे उघडकीस आले. तेव्हा केवळ नजरेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पत्रातील दुव्यावरून जाऊच नये. संकेतस्थळ वा अ‍ॅप स्वतः उघडावे. तक्रार खरी असेल तर ती तेथेही दिसेल. खात्याला संकेतशब्दाबरोबर दुसऱ्या पडताळणीचे कुलूप लावावे, आणि ओटीपी कोणासही सांगू नये.

वहिनींच्या हकीकतीत आम्हांला सर्वांत बोचले ते निराळेच. दोन दिवस त्या कोणाजवळ बोलल्याच नाहीत. ‘‘शिकलेली बाई मी, फसले हे कोणत्या तोंडाने सांगू?’’ असे त्या मागाहून म्हणाल्या. या लाजेवरच चोराचा धंदा चालतो. १९३० हा राष्ट्रीय मदत-क्रमांक अशाच वेळेसाठी आहे. तक्रार तत्काळ गेली, तर पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते रोखून धरता येण्याची शक्यता असते. वहिनींनी फोन केला तोवर ते खात्याखात्यांतून फिरून निघून गेले होते. पुढे वैशाखात वाड्यावरच्या मंडळींनी मिळून त्यांची कौले चढविली. पण ती बातमी पहिल्याच तासाला आमच्या कानी आली असती, तर कदाचित ती वेळ आली नसती.

तेव्हापासून आमच्या घरी एक शिरस्ता पडला आहे. पैशांची बोलणी निघाली की ‘घरात विचारून सांगतो’ असे म्हणावयाचे आणि फोन ठेवावयाचा. खरा पाहुणा थांबतो. चोराला थांबणे परवडत नाही.