कर्ज, महागाई आणि आपल्या तालुक्यात मिळणारी मदत

दिनांक २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्यातील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु तेच बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले, हे जयंतीच्या भाषणांतून क्वचितच सांगितले जाते. आपल्या पणजोबांचे भात खळ्यावरूनच खोताच्या कणगीत जात असे आणि पावसाळ्यात तेच भात वाढीदिढीने परत आणावे लागे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पण खोताची जागा घेणारे निरनिराळ्या वेषांत येत राहिले. आज कोणी मोटारसायकलवरून आठवड्याचा हप्ता न्यायला येतो, तर कोणी मोबाईलच्या पडद्यावरून.

कर्ज हा तथागतांनीही गंभीर मानलेला विषय आहे. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि शेवटी बंधन, अशी दुःखाची साखळीच उलगडून दाखविली आहे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुख स्वतंत्रपणे मोजले आहे. तेव्हा कर्जाविषयी उघड बोलण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र आजार झाला तर सगळी वाडी जमा होते आणि कर्ज झाले तर सख्ख्या भावालाही कळू दिले जात नाही. बँकेत काउंटरवर बसून हे मी रोज पाहतो. माणूस सगळे दरवाजे बंद झाल्यावर विचारायला येतो, तोवर बायकोचे मंगळसूत्र गेलेले असते.

प्रथम व्याजाचा हिशेब समजून घेऊ. खासगी सावकार "शेकडा पाच" म्हणतो तेव्हा तो महिन्याचे बोलत असतो. वीस हजार रुपयांवर महिना एक हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार व्याज गेले आणि मुद्दल जागच्या जागी वीस हजार राहिले. हा दर वर्षाला शेकडा साठ झाला. हीच रक्कम बँकेतून दरसाल १२ टक्के दराने घेतली व बारा हप्त्यांत फेडली तर सगळे मिळून तेराशे-चौदाशे रुपये व्याज होते, कारण दर हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते. अंगावर थोडे सोने असेल तर ते परवाना नसलेल्या माणसाकडे ठेवण्याऐवजी बँकेत तारण ठेवावे. तेथे वजनाची पावती मिळते आणि दर कागदावर असतो.

सावकारीबाबत महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा आहे, पण त्याची माहिती गावोगाव पोहोचलेली नाही. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारासाठीही शासनाने २०१४ साली दर ठरवून दिले: शेतकऱ्यास तारणी कर्जावर दरसाल ९ व बिनतारणी कर्जावर १२ टक्के, इतरांस अनुक्रमे १५ व १८ टक्के. व्याजावर व्याज घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जुन्या काळी यालाच दामदुपटीचा नियम म्हणत. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतील व्यवहाराची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था किंवा अलिबागचे जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये, एवढा माझा आग्रह आहे.

आठवड्याच्या हप्त्याने महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या हा दुसरा प्रकार. या कंपन्या बेकायदेशीर नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आहेत. पण मार्च २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी वा संध्याकाळी सहानंतर त्रास देता येत नाही. एकीचा हप्ता चुकला म्हणून इतर बायकांना रात्री नऊपर्यंत बसवून ठेवल्याच्या हकिगती ऐकिवात आहेत. अशा वेळी प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर बहुतेक कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मोबाईलवरील ॲपने कर्ज देऊन फोटो पसरविण्याची धमकी देणारे मात्र सरळ गुन्हेगार समजावेत आणि १९३० या क्रमांकावर कळवून पोलीस ठाण्यात जावे.

याउलट गावातला महिला बचत गट शेकडा दोन रुपये महिना घेत असला, तरी ते व्याज गटातच राहते व वर्षअखेर आपल्याच वाट्याला येते. हा फरक मोठा आहे. माविम आणि उमेद या दोन्ही यंत्रणा गटांना बँकेशी जोडून देतात. उमेदचे काम पंचायत समितीतून चालते. धंदा करू इच्छिणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध तरुणांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या अनुदान व बीजभांडवल योजनांचे प्रस्ताव बँकेमार्फत होतात. येथे एक स्पष्ट सांगतो: बँकवाले टाळाटाळ करतात ही तक्रार पुष्कळदा खरी असते, आणि अनुदानाची रक्कम पदरात पडली की हप्ता विसरणारे अर्जदारही असतात. एकाने बुडविले की पुढच्या चौघांच्या प्रस्तावावर शंका घेतली जाते.

आता ज्याला कर्ज म्हणता येत नाही, हक्काचे आहे, त्याकडे वळू. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबास महिना ३५ किलो व प्राधान्य कुटुंबात प्रत्येक माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य आहे. सून घरात येऊन चार वर्षे झाली, नातू चालू लागला, तरी दोघांची नावे पत्रिकेवर नाहीत, अशी घरे आपल्या वस्त्यांत सर्रास सापडतात. दोन माणसांचे दहा किलो दर महिन्याला सोडून द्यायचे आणि महागाईच्या नावाने बोटे मोडायची, याला काय म्हणावे! नावे तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत वाढवून मिळतात. पोलादपूर खोऱ्यातील अर्धे घर मुंबईत असते. त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्याच पत्रिकेवर मुंबईतल्या दुकानातूनही धान्य उचलता येते.

निराधार, विधवा व वृद्धांसाठी संजय गांधी निराधार व श्रावणबाळ योजनांचे अर्थसहाय्य २०२३ पासून महिना १५०० रुपये झाले. त्याचा अर्जही तहसील कचेरीतच. दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आता कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णास दाखल करण्यापूर्वी रुग्णालय योजनेत आहे काय, एवढे विचारावे आणि आरोग्यमित्रास गाठावे. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती विम्याची. जनधन खाती काढताना पुष्कळांनी दोन फॉर्मवर सह्या केल्या आहेत. मे-जूनमध्ये पासबुकात २० रुपये व ४३६ रुपये वजा झालेले दिसतात. वीस रुपयांचा तो अपघात विमा, वय १८ ते ७०. ४३६ रुपयांचा तो जीवन विमा. त्यात पन्नाशीपर्यंत नाव घालता येते व पंचावन्नपर्यंत संरक्षण राहते. दोन्हींत मृत्यूनंतर दोन लाख रुपये वारसास मिळतात. आपल्या डोंगराळ भागात माणसे साप चावून, झाडावरून पडून, पुराच्या पाण्यात बुडून मरतात. हे सर्व अपघातात मोडते. पण दवाखान्याची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल हे कागद हवेत. दुःखाच्या भरात रात्रीच अंत्यविधी उरकला जातो, कागद होत नाहीत, आणि घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नसते. दीड-दोन वर्षांनी विधवा खाते बंद करायला येते, तेव्हा पासबुकातल्या त्या वजावटी पाहून पोटात कालवते. म्हणून घरात कोणी वारले तर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापूर्वी एका जाणत्या मुलाने पासबुक घेऊन बँकेत यावे. महिन्याच्या आत दावा दाखल व्हावा. खात्यास वारस लावला आहे की नाही, हेही आजच पाहून घ्यावे.

वाद कोर्टात गेला किंवा वसुलीची नोटीस आली, तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस व कोणत्याही स्त्रीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे विचारावे, अथवा १५१०० या क्रमांकावर. बँकेची थकबाकी लोकअदालतीत तडजोडीने मिटते आणि पुष्कळदा व्याजात सूट मिळते. नोटीस आली की ती फाडून टाकणारे या सवलतीला मुकतात.

खर्चाच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी, चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. आपला बौद्ध विवाह मुळात पांढरी वस्त्रे, पुष्पहार आणि वंदना यांत होणारा. त्यात आता हळदीची रात्र, डीजे आणि आदल्या दिवसाचे जेवण शिरले आहे. चौथा भाग तेथेच संपतो. हे सांगणाऱ्याला लोक कंजूष म्हणतात. म्हणोत!

विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेखाली राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात. ही कामे अलिबागच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयाकडे आहेत. अर्ज ऑनलाईन असला तरी अडतो तो कागदांपाशी. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्राच्या नोकरी-शिक्षणासाठी लागणारा जातीचा दाखला वेगळ्या नमुन्यात असतो, तो प्रांत कार्यालयातून मागून घ्यावा. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतो. २००५ आणि २०२१ च्या पुरांत कित्येक घरांतील ट्रंका भिजल्या, कागदांचा लगदा झाला. तेव्हा मे महिन्याच्या सुटीतच जुन्या शाळेत जाऊन त्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा घ्यावा, त्याची एक प्रत मुंबईतल्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि एक डिजिलॉकरमध्ये चढवून ठेवावी. जूनमध्ये शाळा प्रवेशाच्या गडबडीत असते, तेव्हा मुख्याध्यापकांना जुनी रजिस्टरे काढायला सवड नसते.